वारा येऊन गेला, आता छप्पर कसं तपासायचं? पुण्यात पत्र्याखाली, कौलाखाली किंवा टॉप फ्लोअरला नवीन राहायला आलेल्यांसाठी

पुण्यात पहिल्यांदाच पत्र्याच्या घरात किंवा टॉप फ्लोअरला राहायला आला असाल तर एप्रिल-मेमधली ती एक संध्याकाळ तुमच्याही वाट्याला येणारच. दुपारभर ४० च्या आसपास ऊन, चार-साडेचारला आभाळ भरून येतं, धुळीचा लोट उठतो, गच्चीवरचे कपडे गोळा करेपर्यंत दारं आपटायला लागतात आणि पाऊस धड सुरू व्हायच्या आधीच वाऱ्याने जे करायचं ते केलेलं असतं. हा वळीव. अर्धा-पाऊण तासाचा खेळ असतो पण पुण्यात छपरांचं जास्त नुकसान मी तरी यातच बघितलंय. जून २०२० मधलं निसर्ग वादळ वेगळं, ते ३ जूनला रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि आपल्या मावळ-मुळशी-खेड-जुन्नरकडच्या कितीतरी घरांचे पत्रे, कौलं घेऊन गेलं, पण तसं वादळ कधीतरी येतं, वळीव दर वर्षी येतो.

आम्ही धायरीत राहतो, दोन मजली घर, वर गच्चीवर पत्र्याचं शेड. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात असाच वारा झाला, एक पत्रा अर्धा उचकटला, आम्ही माणूस बोलावून तेवढा एक बसवून घेतला आणि निवांत झालो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परत वारा सुटला आणि त्याच्या शेजारचे दोन पत्रे, जे आम्हाला अगदी व्यवस्थित वाटत होते, ते उडाले, एक समोरच्या रस्त्यावर पडला. नशीब तेव्हा रस्त्यावर कोणी नव्हतं. त्या दिवसापासून मला एक गोष्ट पक्की कळलीय, जो पत्रा गेला तो दिसतो, त्याची दुरुस्ती सगळेच करतात, पण जो ढिला होऊन जागेवरच बसलाय तो शोधावा लागतो. हा सगळा लेख त्या ढिल्या पत्र्यासाठीच आहे असं समजा.

वारा नक्की काय करतो

हे कळलं की कुठे बघायचं ते आपोआप कळतं म्हणून थोडं सांगतो. वारा छपरावरून सुसाट जातो तेव्हा छपराला वरच्या बाजूला ओढ लागते, आणि शेड बाजूंनी उघडं असेल तर आत घुसलेला वारा खालून धक्का देतो, म्हणजे वरून ओढ आणि खालून रेटा. ताशी ७२ किलोमीटरचा वारा धरला, वळवात तेवढा झटका सहज येतो, तर एका चौरस मीटरवर साधारण २४ किलोचा जोर येतो. १० फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद पत्रा म्हणजे सव्वातीन चौरस मीटर, म्हणजे एकूण ८० किलोच्या आसपास. आणि अर्धा एमएम जाडीच्या त्या पत्र्याचं स्वतःचं वजन किती, तर १४-१५ किलो. म्हणजे पत्रा वजनाने बसलेलाच नसतो, तो फक्त स्क्रूंनी धरलेला असतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो हेही लक्षात ठेवा.

ओढ सगळीकडे सारखी नसते. कडेला, कोपऱ्यांना आणि मधल्या आढ्याजवळ, म्हणजे दोन्ही उतार जिथे मिळतात तिथे, जास्त. म्हणून तपासणी करताना कोपऱ्यापासून सुरुवात करायची, मधला भाग सगळ्यात शेवटी.

पहिला तास: वर जायचं नाही

हे मी हात जोडून सांगतो. वारा थांबला, पाऊस थोडा कमी झाला की घरातला कोणीतरी म्हणतोच "मी बघून येतो जरा वर". नको. पत्रा ओला असतो, संध्याकाळ झालेली असते, विजा चालू असतात. शेवटचा गडगडाट ऐकू आल्यापासून अर्धा तास तरी गच्चीवर जाऊ नका. विजेचा अंदाज घ्यायला दामिनी नावाचं ॲप आहे, आपल्या पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संस्थेनेच केलंय, मराठीतही चालतं, मोबाईलमध्ये टाकून ठेवा.

या तासात करायची कामं खालचीच आहेत. छतातून पाणी गळतंय आणि ते पंख्याच्या किंवा ट्यूबच्या पॉइंटमधून येतंय असं दिसलं तर मेन स्विच बंद करा, तोही कोरड्या हाताने, पायात चप्पल घालून. बोर्डच भिजला असेल तर त्याला हात लावू नका. उडालेला पत्रा विजेच्या तारेवर पडला असेल किंवा तार तुटून पत्र्याला टेकली असेल तर अख्खं शेड, त्याचे पाईप, लोखंडी जिना, सगळ्यात करंट असू शकतो, जवळ जायचं नाही, महावितरणच्या १९१२ ला फोन लावा आणि वायरमन येऊन सांगेपर्यंत मुलांना लांब ठेवा. पत्रा अर्धवट लटकतोय आणि खाली रस्ता आहे, तर खालची गाडी काढायला लावा, दोन खुर्च्या आडव्या लावून रस्ता अडवा, आणि पडायचीच चिन्हं असतील तर अग्निशमन दलाला १०१ वर किंवा सरळ ११२ वर कळवा. झाड छपरावर पडलं असेल तरी अग्निशमनवालेच येतात, फांदी स्वतः ओढून काढायच्या भानगडीत पडू नका, फांदी काढल्यावर तिने धरून ठेवलेला भाग खाली येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी: आधी खालून आणि आतून

सकाळच्या उजेडात घराभोवती एक चक्कर मारा, हळूहळू, जमिनीकडे बघत. जमिनीवर काय सापडतं त्यावरून वर काय झालं ते निम्मं कळतं. स्क्रू सापडला, काळा रबरी वॉशर सापडला, कौलाचा तुकडा, प्लॅस्टिकच्या पारदर्शक पत्र्याचा तुकडा, सिमेंटचा खपला, जे सापडेल ते टाकू नका, एका डब्यात ठेवा. आमच्या अंगणात त्या पहिल्या वाऱ्यानंतर चार स्क्रू पडले होते, आई म्हणाली पण की हे कुठले रे, आणि मी म्हटलं असतील कुठले तरी. ते नंतर उडालेल्या त्या दोन पत्र्यांचेच होते.

मग लांबून बघा. समोरच्या काकूंच्या गच्चीवरून किंवा शेजारच्या बिल्डिंगच्या जिन्यातून तुमचं छप्पर तुमच्या स्वतःच्या गच्चीपेक्षा चांगलं दिसतं. मोबाईलचा कॅमेरा झूम करून चारही बाजूंचे फोटो काढा. पत्र्यांच्या कडा एका रेषेत आहेत का बघा, एखादी कड बोटभर जरी वर उचललेली असेल तरी सकाळच्या तिरप्या उन्हात तिची सावली पडते, ती दिसते. आढ्यावरची पट्टी सरळ आहे की मध्येच वाकलीय. पन्हळ लोंबतेय का.

नंतर आतून. दिवे बंद करा, खिडक्यांचे पडदे ओढा आणि वर बघा, जिथे प्रकाशाचा ठिपका दिसेल तिथे भोक किंवा फट आहे. खडूने त्याच्या खाली जमिनीवर खूण करून ठेवा म्हणजे माणूस येईल तेव्हा शोधाशोध नको. पीओपीचं सीलिंग असेल तर पिवळट डाग, फुगवटा, आणि वारा आल्यावर टकटक किंवा फडफड असा आवाज येतो का हे दोन दिवस कान देऊन ऐका. पूर्वी न येणारा आवाज आता येत असेल तर काहीतरी सुटलंय हे नक्की.

पत्र्याचं शेड असेल तर

वर जाणं गरजेचंच असेल तर कोरड्या दिवशी, दोघांनी मिळून, आणि पत्र्यावर पाय न ठेवता, कडेला शिडी पक्की धरून जेवढं दिसतं तेवढंच बघायचं. सिमेंटचा पत्रा असेल तर त्यावर कधीच चढू नका. तो जुना झाला की बाहेरून धडधाकट दिसतो आणि पाय पडला की माणसासकट खाली येतो. कसलेले कामगारसुद्धा आडव्या पाईपांवर फळी टाकून, पट्टा बांधूनच चढतात. शिवाय जुन्या सिमेंट पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, तुटलेले तुकडे झाडूने झाडायचे नाहीत, पाणी मारून ओले करायचे, मास्क लावून उचलायचे आणि जाड पिशवीत भरून तोंड बांधून वेगळे ठेवायचे. कटरने कोरडा कापायला तर अजिबात देऊ नका, ती धूळ फुप्फुसात जाऊन बसते.

आता लोखंडी पत्र्याचं बघू, कारण पुण्यात हल्ली बहुतेक गच्च्यांवर तोच आहे. एक एक स्क्रू बघायचा, घाई नाही. चांगला स्क्रू असा दिसतो की त्याच्या खालचा रबरी वॉशर किंचित दबलेला, चहूबाजूंनी सारखा. बिघडलेला ओळखायच्या तीन खुणा मला त्या नंतर आलेल्या फॅब्रिकेटर दादांनी दाखवल्या, त्या तशाच सांगतो. एक, स्क्रूच्या भोवती पत्र्याचा रंग खरवडून चकचकीत गोल कडं दिसतं, म्हणजे पत्रा तिथे वर-खाली नाचलाय. दोन, गोल असायला हवं ते भोक लांबट झालेलं, अगदी तांदळाच्या दाण्यासारखं, आणि स्क्रू त्याच्या एका टोकाला टेकलेला. तीन, स्क्रूच्या डोक्याभोवती पत्र्याला बशीसारखा खळगा किंवा उंचवटा आलेला, म्हणजे वाऱ्याने पत्रा डोक्यावरून ओढून काढायचा प्रयत्न केलाय आणि पुढच्या वेळी तो निघणार. दादांनी बोटाने स्क्रू फिरवला तर तो नुसता गरागरा फिरला, खाली पाईपाला धरच नव्हती. आमच्या शेडला असे ११ स्क्रू निघाले, आणि ते सगळे न उडालेल्या पत्र्यांवर.

असा स्क्रू परत पिळून घट्ट करून उपयोग नसतो. एकतर जाड साइझचा स्क्रू मारायचा नाहीतर त्याच पाईपावर थोडं बाजूला सरकून नवीन भोक पाडून मारायचा आणि जुनं भोक बुटाईल टेपने (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) किंवा सिलिकॉनने बंद करायचं. नुसतं एम-सील लावून सोडलं तर पाणी थांबेल पण पत्रा धरला जाणार नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि बरेच लोक पहिला सुटला की दुसरा विसरतात.

स्क्रू झाले की खालचा सांगाडा. आडव्या पाईपांचं वेल्डिंग जिथे खांबाला आलंय तिथे बारीक चीर, गंजाची ताजी लाल रेघ दिसते का. आणि मग सगळ्यात महत्त्वाचं, खांबाचे पाय. अख्खं शेड उचलून शेजारच्या गच्चीवर जाऊन पडलं असं ऐकता ना, ते खांब चार इंची विटांच्या कठड्यावर नुसते टेकवून दोन खिळे मारल्यामुळे होतं. खांबाखाली लोखंडी प्लेट हवी, ती अँकर बोल्टने स्लॅबमध्ये किंवा बीममध्ये बसलेली हवी. प्लेटच्या कडेला सिमेंट फुटलंय, बोल्ट वर आलाय, प्लेटखाली फट दिसतेय, यातलं काहीही असेल तर त्या शेडखाली झोपू नका, मुलांना खेळायला पाठवू नका.

आणि पत्र्यावर दगड, विटा, जुने टायर ठेवायची जी आपल्याकडे सवय आहे ती कृपा करून सोडा. ८० किलोच्या ओढीपुढे दोन विटांचं काही चालत नाही, पत्रा जातो तेव्हा त्या विटा खाली कोणाच्या तरी डोक्यावर जातात.

कौलं असतील तर

पेठांमधल्या जुन्या वाड्यांत किंवा भोर-मुळशीकडच्या गावातल्या घराला मंगलोरी कौलं असतात. वाऱ्याने कौल उडण्यापेक्षा सरकतं जास्त, एक सरकलं की त्याच्या वरचं अर्धं अधांतरी होतं आणि पावसाचं पाणी थेट रिपेवर, म्हणजे कौल ज्या लाकडी पट्टीवर बसतं तिच्यावर. रीप कुजली की पुढच्या वर्षी चार कौलं जातात. आतून बघताना वाशांवर आणि रिपांवर ओलीचे काळे ओघळ शोधा, आढ्यावरची गोल कौलं ज्या चुन्या-सिमेंटात बसवलेली असतात ते सुटलंय का बघा, आणि वळचणीच्या, म्हणजे छपराच्या खालच्या कडेच्या, शेवटच्या दोन ओळी नीट बघा, ओढ तिथेच लागते. शाकारणी (कौलं परत नीट बसवून घेणं) करताना त्या दोन ओळी तारेने रिपेला बांधून घ्या, काम अर्ध्या दिवसाचं आहे. जुनी कौलं बदलायची तर त्याच मापाची घ्यायला एक कौल सोबत घेऊन जा, कंपनी बदलली की खाचा जुळत नाहीत.

स्लॅबचं घर, टॉप फ्लोअरचा फ्लॅट

स्लॅब वाऱ्याने जात नाही पण त्यावरच्या वस्तू जातात. टाकीचं झाकण, सोलरचे पॅनल आणि त्याच्या नळ्या, डिश, डक्टवर टाकलेला फायबरचा पत्रा. वस्तू पडताना गच्चीवरची चायना चिप, म्हणजे फरशीच्या तुकड्यांचा थर, फोडून गेली असेल तर ती चीर जूनमध्ये तुमच्या बेडरूममध्ये डाग होऊन उतरते. गच्चीची जाळी पानांनी तुंबलीय का तेही बघा. फ्लॅट असेल तर गच्ची सोसायटीची, दुरुस्ती सोसायटीने करायची, म्हणून सेक्रेटरींना तोंडी न सांगता फोटोसकट लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

काही हलवण्याआधी फोटो

साफसफाई करायच्या आधी फोटो आणि व्हिडिओ काढा, लांबून एक आणि जवळून एक, तारखेसकट. घराचा विमा असेल तर त्याच दिवशी कंपनीला कळवा आणि क्लेम नंबर लिहून ठेवा. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना भारत गृह रक्षा नावाची एकसारखी पॉलिसी ठेवावी लागते, त्यात वादळाचं नुकसान येतं, पण वर्षानुवर्षं गंजलेला पत्रा किंवा जुनी गळती येत नाही. म्हणून कंपनीचा सर्व्हेअर नुकसान बघायला यायच्या आधी तुटलेले पत्रे भंगारवाल्याला देऊ नका, तो डबा आठवतोय ना, स्क्रू-वॉशरचा, तोही दाखवा. तात्पुरती ताडपत्री मात्र जरूर टाका, त्याचं बिल ठेवा, नुकसान वाढू नये म्हणून तुम्ही काळजी घेतली हे त्यातून दिसतं. क्लेमचं कंपनीशी पटलंच नाही तर विमा लोकपालांचं ऑफिस पुण्यातही आहे.

विमा नसेल तर पंचनामा. तलाठी भाऊसाहेबांना (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) लगेच कळवा, शहरात असाल तर तहसील कार्यालयात अर्ज द्या. नैसर्गिक आपत्तीच्या मदतीत अंशतः पडझडीला किमान १५ टक्के नुकसान धरतात, एखाद-दुसरा पत्रा गेला तर त्यात बसत नाही, पण अर्धं छप्पर गेलंय तर पंचनामा झालाच पाहिजे, आणि पंचनाम्याच्या आधी पक्की दुरुस्ती उरकून टाकू नका.

ताडपत्री

रविवार पेठेत बोहरी आळीला कुठल्याही मापाची मिळते. छिद्रावर तेवढाच तुकडा टाकला तर वरून येणारं पाणी त्याच्या खाली शिरतं, म्हणून ताडपत्री आढ्याच्या पलीकडे दोन-तीन फूट जाईल एवढी घ्या. दोरी पत्र्याला बांधायची नाही, खालच्या पाईपाला किंवा खांबाला बांधायची. सैल राहिली की रात्रभर फडफडते आणि सकाळपर्यंत कडी फाटलेली असते.

माणूस बोलावताना काय विचारायचं

वादळानंतरच्या आठवड्यात फॅब्रिकेटर मिळत नाहीत आणि जो मिळतो तो घाईत असतो. आमचं शेड पहिल्यांदा ज्याने केलं त्याने कडेलाही एक सोडून एक असे स्क्रू मारले होते, पैसे वाचवायला, आणि आम्हाला त्यातलं काही कळत नव्हतं. म्हणून हे विचारा: खालच्या कडेला, आढ्याला आणि दोन्ही बाजूंच्या टोकांना पत्र्याच्या नागमोडीतल्या प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू मारणार का, मधे एक सोडून एक चालेल. आडव्या पाईपांमधलं अंतर किती, चार फुटांपेक्षा जास्त नको. पत्रा पाईपाच्या बाहेर किती काढणार, फुटभर पुरे, दोन-अडीच फूट बाहेर काढलेला पत्रा वाऱ्याला हातात धरायला दिल्यासारखा असतो. पत्र्यावर पत्रा कसा चढवणार, आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो म्हणून वरच्या पत्र्याची उघडी कड पूर्वेकडे यायला हवी. आणि मोठं शेड असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, भारतीय मानक ८७५ च्या भाग ३ मध्ये पुण्यासाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर धरलाय, खांब आणि अँकर त्या हिशोबाने आहेत का ते तोच सांगू शकतो.

काम चालू असताना समोर थांबा. स्क्रू मारताना मशीन जास्त दाबलं की वॉशर चपटा होऊन कडेने बाहेर येतो, तो उन्हाने सहा महिन्यांत तडकतो, तिथल्या तिथे सांगून बदलून घ्या. काम संपल्यावर पत्र्यावर पडलेला लोखंडाचा चुरा झाडून घ्यायला लावा नाहीतर पहिल्या पावसात तिथे गंजाचे ठिपके उमटतात. पैसे देण्याआधी हाताने प्रत्येक कोपरा वर उचलून बघा, अजिबात हलता कामा नये.

आणि मग मार्चच्या शेवटी, वळवाच्या आधी, दर वर्षी एकदा हीच फेरी. आम्ही आता गुढीपाडव्याच्या आदल्या रविवारी करतो, दादा येतात, मी खाली शिडी धरतो, आई खालून सगळे कोपरे मोजते, दीड तास लागतो. गेल्या वेळी तीन स्क्रू निघाले, तिन्ही पश्चिमेच्या कोपऱ्यातले, त्याच दिवशी बदलले.